विड्याचे पान आणि पानमळा



ऊस, भात, जोंधळा, भुईमूग, तंबाखू ही आपल्या पंचगंगा-कृष्णेच्या खोऱ्यातली नावाजलेली पिके. त्यांच्यावर पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. पण याच मुलखात, याच विहिरींच्या पाण्यावर एक पीक शेकडो वर्षे मुकाट्याने उभे आहे. त्याची आठवण आपल्याला होते ती लग्नकार्यात, पूजेच्या वेळी, नाहीतर जेवण आटोपल्यावर. ते पीक म्हणजे विड्याचे पान. खेड्यात त्याला खाऊचे पान म्हणतात, जुन्या ग्रंथांत नागवल्ली किंवा तांबूलवल्ली.

आता असं पाहा, या पिकाने कुणाचे पोट भरत नाही. त्याचे ना धान्य होते, ना तेल, ना कापड. तरीसुद्धा दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यावर या पानाने कुटुंबेच्या कुटुंबे पोसली. कोल्हापूरहून मिरजेला जावे आणि तिथून पूर्वेला वळावे, म्हणजे आरग, बेडग, नरवाड, मालगाव ही पानमळ्यांसाठी प्रसिद्ध असलेली गावे लागतात. विदर्भात रामटेक आणि अंजनगाव सुर्जी, कोकणपट्टीत वसई, अशी महाराष्ट्रात या वेलीची घरे आहेत. एवढ्याशा जमिनीत एवढा संसार कसा उभा राहिला, आणि आता तो का डळमळू लागला आहे, हे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा आज विचार आहे.

ही वेल मूळची आपली नव्हे. तिचे माहेर मलाया आणि इंडोनेशियाच्या बेटांकडचे. काळी मिरी आणि विड्याचे पान या सख्ख्या बहिणी म्हणाव्यात, इतके त्यांचे कूळ एक. एकीची फळे उपयोगाची, दुसरीची पाने. समुद्रमार्गाने ती दक्षिण हिंदुस्थानात आली आणि फार जुन्या काळीच इथली होऊन गेली. इंग्रजीत पानाला ‘बेटल’ म्हणतात. तो शब्द मलयाळममधील ‘वेट्टिल’वरून पोर्तुगीजांच्या तोंडी गेला आणि तिथून युरोपभर पसरला. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली आपला औषधींवरील ग्रंथ गोव्यातच छापला. त्यात पानावर एक स्वतंत्र संवाद आहे, आणि मलबारात याला ‘बेत्रे’ म्हणतात, दख्खनेत ‘पान’ म्हणतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे आपण आज जो शब्द वापरतो तोच साडेचारशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने आपल्या लोकांच्या तोंडून ऐकला होता.

त्याच्याही पुष्कळ मागे जाता येते. माळव्यात मंदसोर येथे रेशीम विणणाऱ्या कोष्ट्यांनी सूर्याचे देऊळ बांधले होते. त्याच्या जीर्णोद्धाराचा इ. स. ४७३ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. त्यात हे कोष्टी आपल्या मालाची मोठी गमतीदार तारीफ करतात. सोन्याचा हार, फुले आणि तांबूल असा सगळा साज केला, तरी रेशमी वस्त्र नेसल्यावाचून तरुण स्त्री आपल्या प्रियकराकडे जात नाही, असे ते सांगतात! तारीफ रेशमाची आहे. पण पानाचे स्थान केवढे होते तेही तिच्यातून आपोआप कळते. सोन्याच्या आणि फुलांच्या पंक्तीला पान बसलेले आहे. शिक्षक मित्रांनी इतिहासाच्या तासाला हा दाखला अवश्य द्यावा. राजाची लढाई सोडूनही शिलालेखात किती काय सापडते, हे मुलांना त्यातून समजेल.

पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त तांबुलाचे गुण सांगितले. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाने भोगावयाच्या सुखांमध्ये तांबुलाला वेगळे प्रकरण दिले आहे. त्या काळी आपल्या कोल्हापुरावर शिलाहारांचे राज्य होते आणि ते या कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. कृष्णा-पंचगंगेच्या दोन्ही तीरांवर कानडी आणि मराठी शेजारी शेजारी नांदत होत्या. त्या काळच्या कानडी दानलेखांत देवळांना लावून दिलेल्या हक्कांमध्ये पानांच्या ओझ्यामागे अमुक इतकी पाने द्यावीत, अशा नेमणुका वारंवार दिसतात. राजवाड्यातले पान हे विलासाचे. पण या लेखांतले पान बाजाराचे आहे. कुणीतरी ते पिकवीत होते, कुणीतरी पाठीवर किंवा बैलावर घालून पेठेत आणीत होते, आणि त्यावर कर बसण्याइतका त्याचा व्यापार मोठा होता.

परदेशी प्रवाशांना तर या पानाचे फारच नवल वाटे. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने लिहिले की ही वेल द्राक्षाप्रमाणे मांडवावर चढवतात. तिला फळ येत नाही, ती केवळ पानांसाठी लावतात. १४४३ साली इराणचा वकील अब्दुर रझाक विजयनगरला आला. तेव्हा राजाकडून त्याला पान आणि कापूर मिळत असे. अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’त पानांच्या जातींची नावे दिली आहेत, आणि त्यांत एक नाव ‘कपुरी’ असे आहे. कपुरी पान हे नाव आज आपल्या पानपट्टीवरचे पोरही जाणते. राज्ये गेली, नाणी बदलली, पण नाव टिकले.

आता प्रश्न असा की, पोट न भरणाऱ्या या पानाला किंमत आली कुठून? ती आली मानातून. आपल्याकडे पाहुण्याला पान दिले म्हणजे आदर केला. बैठक उठताना पानसुपारी आणि अत्तरगुलाब झाले म्हणजे निरोप मिळाला. लग्नाचे बोलणे, देवाची पूजा, देवीची ओटी, कशातही विडा हवाच. माहूरच्या रेणुकेचा तांबूल सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दरबारात अवघड कामगिरी निघाली की तबकात विडा ठेवीत, आणि जो तो उचलील त्याने काम पत्करले असे समजत. १६५९ साली विजापूरच्या दरबारात अफझलखानाने विडा उचलला, ही गोष्ट शाहिरांनी आपल्या घराघरांत पोचवली. त्यातूनच ‘विडा उचलणे’ हा वाक्प्रचार आला. पान हे असे शब्दाच्या जागी उभे राहत असे. लेखी करार नसलेल्या समाजात ते एक साक्षीपत्रच होते.

मानाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याला मान द्यायचा नाही त्याला विडा नाही, हेही त्याच्याबरोबर आले. कित्येक घरांत विधवा बाईला विडा वर्ज्य होता. पानमळ्यात जाताना अंघोळ करावी, पायांतले काढावे, असा रिवाज पुष्कळ ठिकाणी होता, आणि विटाळाच्या दिवसांत बाईने मळ्यात पाऊल टाकू नये असेही म्हणत. यातला कोणता भाग ठेवण्याजोगा आणि कोणता टाकण्याजोगा, ते पुढे रोगाच्या ओघात सांगतो.

आता प्रत्यक्ष मळ्यात शिरू या. पानमळा म्हणजे नुसती वेल नव्हे, ते एक लहानसे रानच असते. जमीन निचऱ्याची लागते. या वेलीला ओल सतत हवी, पण साचलेले पाणी तिला मुळीच खपत नाही. म्हणून पाणी थोडे थोडे आणि वारंवार द्यायचे. पूर्वी ते मोटेने देत. मग तेलावरची इंजिने आली, त्यानंतर विजेचे पंप आणि आता ठिबक. वाऱ्याचा झोत आणि उन्हाचा तडाखा वेलीला सोसत नाही; म्हणून कडेने केळी, एरंड, शेवरी यांची दाट रांग किंवा ताट्यांचा आडोसा करतात. आत वाफ्यांच्या कडेने शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा यांचे बी आधी टाकतात. ती रोपे वाढीला लागली की त्यांच्या बुडाशी वेलीचे तुकडे लावतात. हेच वेलीचे आधार.

या आधारांची निवड जुन्या शेतकऱ्यांनी किती विचाराने केली आहे पाहा. शेवरी, हादगा, पांगारा ही तिन्ही शेंगवर्गातली झाडे. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत आणतात. त्यांचा पाला शेळ्या-गुरांना होतो, हादग्याच्या फुलांची आणि शेवग्याच्या शेंगांची भाजी होते, आणि कडेची केळी वेगळा पैसा देतात. विरळ सावली पडते, ती वेलीला मानवते. एका गुंठ्यातून चार कामे साधणारी ही रचना कुणा एका शास्त्रज्ञाने आखून दिलेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाहण्यातून तयार झाली आहे.

वेल बियांपासून करीत नाहीत. निरोगी वेलीचे शेंड्याकडचे तीन ते पाच पेऱ्यांचे तुकडे घेतात आणि त्यांतली दोनेक पेरी मातीत पुरतात. म्हणजे आज लावलेली वेल ही काल उभ्या असलेल्या वेलीचाच तुकडा. ती वेल तिच्या आधीच्या वेलीचा. असे मागे मागे गेले तर पणजोबांच्या मळ्यातली वेलच आज पणतवाच्या मळ्यात उभी आहे असे म्हणता येईल. यात एक गोडी आहे, आणि एक धोकाही आहे. सगळ्या वेली एकाच रक्ताच्या असल्यामुळे एकीला जो रोग लागतो तो सगळ्यांना लागतो.

वेल वाढू लागली की तिला लव्हाळ्याने किंवा केळीच्या सोपटाने आधाराला हलकेच बांधत वर न्यायचे. गाठ आवळली तर देठ कापतो, सैल राहिली तर वेल घसरते. हे काम पुस्तकात वाचून येत नाही, ते बोटांनाच यावे लागते. वर्षाच्या सुमाराला पहिली खुडणी येते आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी. वेल आधाराच्या उंचीपलीकडे गेली, खालचा भाग उघडाबोडका झाला, म्हणजे वर्षातून एकदा वेली उतरवतात. आधारावरून वेल सोडवून, तिचा खालचा बोडका भाग वेटोळे करून बुडाशी मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा आधाराला लावतात. पुरलेल्या पेऱ्यांना नवी मुळे फुटतात आणि वेल पुन्हा तरणी होते. नीट निगा राखली तर असा मळा दहा वर्षांच्या पुढेही पान देतो. इतर पिकांत कापणी म्हणजे शेवट. इथे दर वर्षी पुन्हा आरंभ आहे.

खुडणी हे बायामाणसांचे, सकाळच्या गारव्यातले काम. काही खुडणारे अंगठ्याला पातळ धारेचे लोखंडी नख लावतात, म्हणजे देठ सफाईने तुटतो आणि वेल हिसकत नाही. पान धुऊन, आकार आणि कोवळेपणा पाहून निवडतात. विशेष म्हणजे पान तोलत नाहीत, मोजतात. त्यामुळे मळ्यात वाढलेल्या पोराला पाढे शिकवावे लागत नसत! मग केळीची पाने घातलेल्या करंडीत पाने ओलसर बांधून ती त्याच दिवशी वाटेला लावावी लागतात. कारण हा माल कोठारात ठेवता येत नाही. गूळ भाव पडला तर ठेवता येतो, हळद ठेवता येते. पान आठवडाभरात कोमेजते. पानवाल्याची सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

मात्र पान टिकवण्याची, नव्हे त्याला अधिक किंमत आणण्याची एक जुनी युक्ती आहे, ती म्हणजे पान पिकवणे. हिरवी पाने करंड्यांत दाबून अंधारात ठेवायची, मधून मधून उलटायची, वारा द्यायचा, सडके काढून टाकायचे. काही दिवसांत त्यांचा हिरवा रंग जाऊन ती पिवळसर-पांढुरकी होतात, तिखटपणा कमी होतो आणि चव मऊ येते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन हे १९०७ साली पुण्यात आले; त्याआधी त्यांनी चहाच्या मळ्यांसाठी संशोधन केले होते. सहस्रबुद्धे आणि पटवर्धन या आपल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पानाच्या रसायनाचा आणि या पान पिकवण्याच्या रीतीचा अभ्यास करून १९१३ साली तो प्रसिद्ध केला. जे काम तांबोळ्याच्या घरच्या अंधाऱ्या खोलीत बापाकडून लेकाकडे चालत आले होते, ते प्रयोगशाळेत नेऊन तपासण्याजोगे आहे असे शास्त्रज्ञांना वाटले, ही लहान गोष्ट नव्हे.

आता रोगाविषयी. पानमळ्याचा मोठा वैरी म्हणजे मर. बुडाशी वेल काळी पडून सडते, पानांवर डाग येतात आणि पावसाळ्यात पाहता पाहता वाफेच्या वाफे जातात. याला कारण फायटॉफ्थोरा नावाची अतिसूक्ष्म बुरशीसारखी जात. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक नासून जो भयंकर दुष्काळ पडला, त्याला कारण झालेला रोग याच वंशातला. जे. एफ. दस्तूर यांनी १९३५ साली मध्य प्रांतातल्या पानांच्या रोगांवर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून आपल्याला या रोगांची नीट ओळख होऊ लागली. हा रोग मातीतून आणि पाण्यातून पसरतो. एका मळ्यातली चिखलाची वहाण दुसऱ्या मळ्यात गेली की तो तिच्याबरोबर जातो.

आता मघाशी सांगितलेला रिवाज आठवा. पाय धुऊन, वहाणा बाहेर काढून मळ्यात शिरावे, यात नकळत मोठे शहाणपण होते. ते जरूर पाळावे. पण बाईच्या विटाळाने वेल मरते, ही मात्र निव्वळ समजूत. वेल मरते ती साचलेल्या पाण्याने आणि रोगट बेण्याने. ज्या बायांच्या बोटांवर हा मळा उभा आहे, त्यांच्यावरच मळा मारल्याचा आळ घेणे न्यायाचे नाही. रिवाजातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवायला एकच कसोटी पुरे: त्याचे कारण सांगता येते का?

मर रोगावर उपाय म्हणून जे बोर्डो मिश्रण वापरतात त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराच्या आसपास द्राक्षाचे मळे आहेत. वाटसरू द्राक्षे चोरतात म्हणून तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपीत, म्हणजे फळे विषारी दिसावीत. त्या सुमारास केवडा रोगाने तिथले मळे उजाड होत होते. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने पाहिले की रस्त्याकडेच्या त्या निळसर वेली तेवढ्या हिरव्यागार आहेत. त्याने प्रयोग केले आणि १८८५ साली उपाय जाहीर केला. चोरासाठी योजलेली युक्ती रोगावर लागू पडली! एक टक्का मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी लागते. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत निम्म्या निम्म्या पाण्यात विरघळवून मग एकत्र करावीत. भांडी मातीची, लाकडाची किंवा प्लास्टिकची असावीत, लोखंडाची नकोत. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. फवारण्यापूर्वी तयार पाने खुडून घ्यावीत, आणि नंतर कृषी खात्याने सांगितलेले दिवस जाईपर्यंत खुडू नये. कारण हे पान माणसाच्या तोंडात थेट जाते. हे विसरून चालणार नाही.

रेल्वेनेही पानाचा इतिहास बदलला. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. १९२७ साली पंढरपूर-मिरज ही बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी आरग-बेडगच्या शिवारातून धावू लागली. नाशवंत मालाला वेग मिळाला, म्हणजे बाजार लांबवर पसरतो. बैलाच्या पाठीवरून जवळच्या पेठेपर्यंत जाणारे पान मुंबईसारख्या मोठ्या शहरांच्या हिशेबाने विकण्याची सोय झाली. पण भाव आता कुठेतरी दूर ठरू लागला. मळा इथे, मोजदाद इथे, आणि निकाल मात्र दुसऱ्याच गावी, अशी ही व्यवस्था आहे.

इथे जगातल्या दुसऱ्या एका वेलीची गोष्ट सांगतो, कारण तिच्या नशिबात आपल्या पानाचे नशीब थोडे दिसते. युरोपात हॉप नावाची वेल लावतात. तिलाही उंच आधार द्यावा लागतो, तिच्याही वेली हाताने वळवून दोरीवर चढवतात. तिच्या शंकूसारख्या फुलांत पिवळी पूड असते, तिने बिअर या पेयाला कडवटपणा येतो आणि ते लवकर नासत नाही. हॉपने पोट भरत नाही. जर्मनीतील बव्हेरियात १५१६ साली कायदाच झाला की बिअर फक्त जव, हॉप आणि पाणी यांचीच करावी. असा राजमान आणि लोकमान मिळाल्यावर हॉपचे मळे वाढले. इंग्लंडमध्ये १८७८ च्या सुमारास सुमारे ७२ हजार एकरांवर हॉप होता. केंट परगण्यात तोडणीच्या दिवसांत लंडनच्या गरीब वस्तीतली कुटुंबे मुलाबाळांसह येत, शेतावरच राहत आणि टोपल्यांच्या मापावर मजुरी घेत. तोडलेला हॉप उंच टोपीसारख्या छपरांच्या भट्टीघरांत वाळवीत. नंतर लोकांची चव बदलली, बाहेरचा हॉप आला, रोग आले, आणि १९६० पर्यंत तोडणीची यंत्रे आली. आता त्या मळ्यांचा लहानसा अंश उरला आहे. कित्येक भट्टीघरांत माणसे राहायला गेली आहेत.

हॉप वाळवून ठेवता येतो आणि यंत्राने तोडता येतो. आपल्या पानाचे तसे नाही. ते ओलेच विकावे लागते आणि एकेक करून खुडावे लागते. पण दोन्ही वेलींचा धडा एकच आहे. ज्या पिकाची किंमत भुकेवर नसून चालीरीतीवर असते, ते पीक चालीरीत बदलली की उघडे पडते.

आपल्याकडे ती चालीरीत कशी बदलली? १९७० नंतरच्या काळात पानमसाला आणि पुढे गुटखा पुड्यांतून मिळू लागला. पुडीत सुपारी होती, तंबाखू होती, वास होता. नव्हते ते फक्त पान! खिशात ठेवता येणारी, न कोमेजणारी, एक-दोन रुपयांची पुडी गावोगाव पोचली आणि ताज्या पानाचे गिऱ्हाईक तिने नेले. त्याबरोबर तोंडाचे रोग घरोघर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारी ही स्वतःच कर्करोगाला कारण होते असा निर्वाळा दिला. तंबाखूविषयी तर आधीपासूनच शंका उरली नव्हती. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी चोरट्या वाटा बुजल्या नाहीत. इथे मळेवाल्यांची बाजू घेऊन सत्य झाकता येणार नाही. सुपारी, तंबाखू घातलेला विडा रोजच्या रोज चघळणे अपायाचेच आहे. ‘आमचे पान औषधी आहे’ एवढे म्हणून सुपारीचा दोष धुऊन निघत नाही. पण पानाचा आणि पुडीचा हिशेब एकाच वहीत मांडणेही बरोबर नाही. पूजेतले पान, मुखशुद्धीला बडीशेप, गुलकंद, खोबरे घालून दिलेले पान, सुपारी-तंबाखूवाचून चालते. पानाचा पुढचा बाजार असलाच तर तो या वाटेवर आहे.

दुसरा आघात टाळेबंदीचा. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, पानपट्ट्या बंद झाल्या, लग्ने थांबली, देवळे मिटली. मानाचे सगळे दरवाजे एकदम बंद झाले. पण वेल काही थांबत नाही. पान वाढतच राहते, आणि न खुडले तर मळा बिघडतो. विकायचे नसलेले पानही मजुरी देऊन खुडावे लागते, असा तो प्रसंग होता. मान आटला की मळा कसा कोरडा पडतो, हे त्या वर्षी उघड दिसले.

तिसरी गोष्ट सावकाश घडते आहे. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी उपसून मिरजेच्या पूर्व भागाला आणि त्यापुढच्या दुष्काळी तालुक्यांना पोचवले. हे मोठे पुण्याचे काम झाले. पण पाणी आले की ऊस येतो, द्राक्ष येते. उसाला कारखाना आहे, वजनकाटा आहे, कर्ज आहे. पानमळ्याला रोज माणूस हवा. वेल बांधणारी, उतरवणारी, खुडणारी बोटे म्हातारी होत आहेत आणि घरातली तरुण मुले दुसरीकडे वळत आहेत. त्यांना दोष देता येत नाही. जे काम कष्टाचे आहे आणि ज्याचा भाव दुसऱ्या गावी ठरतो, त्यात मुलाने का राहावे, याचे उत्तर त्याला पैशांतच मिळाले पाहिजे.

मग करायचे काय? मोठ्या योजना सांगण्याचे हे ठिकाण नव्हे, पण दोन-तीन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. शेतकरी बंधूंनी बेणे निरोगी मळ्यातूनच घ्यावे, पाण्याचा निचरा पावसाळ्याआधी करावा, आणि सगळी जमीन पानाखाली न घालता शेवगा, केळी, हादगा यांची जोड पूर्वीसारखी राखावी. पान कोमेजते, म्हणून एकट्या पानवाल्याला भाव मागता येत नाही. चार मळे मिळून माल पाठवतील तर मागता येईल. दूध संघांनी हीच गोष्ट आपल्या जिल्ह्यात करून दाखवली आहे, आणि दूध तर पानापेक्षाही लवकर नासते.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. शाळेजवळ पानमळा असेल तर मुलांना एकदा तिथे न्या. इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि अंकगणित असे चार विषय एका वाफ्यात शिकवता येतील. वेल उतरवण्याच्या दिवशी न्याल तर अधिकच चांगले. म्हातारी माणसे गाठ कशी मारतात, वेटोळे कसे पुरतात, कोणत्या पेऱ्याला मूळ फुटणार हे कसे ओळखतात, ते मुलांनी त्यांनाच विचारावे आणि वहीत उतरवून घ्यावे. वेल तुकड्यातून पुन्हा लावता येते. पण ती बांधणारा हात एकदा गेला की त्याचे बेणे कुठे मिळत नाही.

पानाला मान समाजाने दिला, आणि त्या मानाची किंमत पानमळेवाल्याने आपल्या कष्टाने भरली. पुढच्या वेळी पूजेसाठी पाच पाने विकत घ्याल तेव्हा ती खुडणाऱ्या बोटांचीही आठवण ठेवा.